बँकॉकला पाच दिवस, सोबत आई-बाबा, चौघंही शाकाहारी: आखणी कशी करावी?

वाटसरू

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बँकॉकला जायचं ठरलं आहे. आम्ही दोघं आणि आई-बाबा, दोघंही पासष्टीच्या पुढचे. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर चालते, पण जिने नकोत. चौघंही शाकाहारी, अंडंही खात नाही, कांदा-लसूण चालतो. विमान बुधवारी पहाटे पाचला सुवर्णभूमीला उतरतं, परतीचं रविवारी रात्री उशिरा. पट्टाया-फुकेत नको, शहरच नीट बघायचं आहे.

अडलंय ते असं. हॉटेल जुन्या शहरात घ्यावं की सुखुमवितला? राजप्रासाद आणि वाट फो, वाट अरुण ही दोन मंदिरं एका दिवसात बसतात का? शाकाहाराचं नेमकं काय करायचं? ब्रेड आणि फळांवर पाच दिवस काढायचे नाहीत. आणि तिथल्या मंदिरांत वागण्याचे नियम काय? नकळत कोणाचं मन दुखवायला नको. जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

रुळावरून

राहण्याचं आणि फिरण्याचं एकत्रच सांगतो, कारण तिथे दोन्ही एकच प्रश्न आहे. बँकॉकमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. नकाशावर चार-पाच किलोमीटर दिसणारा पल्ला संध्याकाळी साडेपाचला टॅक्सीने तासभर खातो, तोच मेट्रोने पंधरा मिनिटांत होतो. म्हणून हॉटेल बघताना राजप्रासाद किती लांब हे बघू नका, स्टेशनचा जिना किती लांब हे बघा. आईंसाठी तीनशे मीटरच्या आत असलेलं बरं.

दोन मुख्य जाळी आहेत. बीटीएस म्हणजे रस्त्यावरून जाणारी उन्नत गाडी, 1999 पासून सुरू. एमआरटीची निळी लाइन 2004 पासून, बहुतेक भुयारी. दोन्हींच्या कंपन्या वेगळ्या, तिकिटं वेगळी. बदलायची स्टेशनं शेजारी असली तरी नावं वेगळी असतात आणि इथेच नवखा माणूस गोंधळतो: बीटीएसचं असोक म्हणजे एमआरटीचं सुखुमवित, बीटीएसचं साला दाएंग म्हणजे एमआरटीचं सी लोम, बीटीएसचं मो चित म्हणजे एमआरटीचं चतुचक पार्क. एका फाटकातून बाहेर पडून दुसऱ्यात नव्याने तिकीट काढावं लागतं. कमीत कमी भाडं 17 बाट, पुढे अंतराप्रमाणे.

एमआरटीला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड थेट फाटकावर चालतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी आणि टॅपचे व्यवहार चालू करून ठेवा. आत जाताना लावलेलंच कार्ड बाहेर पडतानाही लावा. आणि एका कार्डावर एकच माणूस, म्हणजे चौघांना चार कार्डं लागतील. ती नसतील तर मशीनमधून काळं प्लॅस्टिकचं टोकन घ्या. ते आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडताना फाटकाच्या फटीत टाकायचं. बीटीएससाठी रॅबिट कार्ड काढू शकता, त्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. पाच दिवसांसाठी सुटं तिकीटही पुरतं.

आता हॉटेल. चौघांसाठी माझं मत असोक ते फ्रोम फोंग या पट्ट्याला. बीटीएस दाराशी, असोकला एमआरटीही. पत्ता बघताना एक खाच आहे. सुखुमवितच्या गल्ल्यांना सोई म्हणतात. एका बाजूला विषम क्रमांक, दुसऱ्या बाजूला सम, पण ते समोरासमोर जुळत नाहीत. सोई 55 च्या समोर सोई 38 येते. तेव्हा 'सोई 40 म्हणजे 39 च्या समोरच असेल' असं धरून बुकिंग करू नका. आणि काही सोई किलोमीटरभर आत जातात, त्यामुळे नुसता सोईचा नंबर बघून स्टेशन जवळ आहे असं मानू नका.

विमानतळावरून रेल लिंकची गाडी फाया थायपर्यंत 45 बाटांत अर्ध्या तासात जाते. एकट्यादुकट्याने तीच घ्यावी. पण तुम्ही इमिग्रेशन आटोपून बाहेर येईपर्यंत साडेसहा होतील आणि बीटीएसमध्ये शिराल तेव्हा ऑफिसची गर्दी सुरू झालेली असेल. मोठ्या बॅगा घेऊन त्या डब्यात आई-बाबांना उभं करू नका. त्या वेळेला टॅक्सीच बरी. पहिल्या मजल्यावर टॅक्सीचं मशीन असतं. बटण दाबलं की चिठ्ठी येते, तिच्यावरच्या क्रमांकाच्या मार्गिकेत टॅक्सी उभी असते. भाडं मीटरप्रमाणे, अधिक विमानतळाचे 50 बाट, अधिक एक्स्प्रेसवेचा टोल. टोल नाक्यावर तुम्हीच द्यायचा, म्हणून सुट्ट्या नोटा हाताशी ठेवा. चिठ्ठी चालकाला देऊन टाकू नका, काही विसरलं किंवा तक्रार करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

चौघं आणि चार मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीत मावणार नाहीत. बऱ्याच टॅक्सी गॅसवर चालतात आणि डिकीत अर्धी जागा टाकीने अडवलेली असते. मशीनवर मोठ्या गाडीचा पर्याय असतो, तो घ्या.

नदीकाठ

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, फक्त हॉटेलबद्दल माझं मत वेगळं. तुमच्या यादीतली निम्मी ठिकाणं चाओ फ्राया नदीच्या काठावर आहेत. अशा वेळी बीटीएसच्या सफान ताक्सिन स्टेशनजवळ राहावं. स्टेशनच्या पुलाखालीच साथोर्न धक्का आहे. सकाळी बोट, दुपारी गाडी, टॅक्सीची गरजच पडत नाही. सुखुमवितला बाजार आणि उपाहारगृहं भरपूर हे खरं, पण आई-बाबांना दिवसातून दोनदा गाड्या बदलायला लावण्यापेक्षा नदीवरून गार वाऱ्यात गेलेलं चांगलं.

धक्क्यावर पोहोचलात की तिकिटं विकणारे निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीकडे बोलावतील. तिच्यात इंग्रजीत माहिती सांगतात, बसायला जागा मिळते, पण ती महाग. स्थानिक लोक जातात ती नारिंगी झेंड्याची, कुठेही उतरा, 16 बाट. तिची रांग वेगळी असते, विचारून उभं राहा. बोट धक्क्याला लागते ती जेमतेम अर्धा मिनिट. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्ट्यांनी चालकाला इशारे देतो: थोडं मागे, अजून मागे, बस. दोर खांबाला पडला की लगेच पाऊल टाकायचं. आईंना मधे घ्या, एकजण पुढे आणि एकजण मागे. बोट खालीवर होत असते, म्हणून पाय उचलण्याआधी काठाचा दांडा पकडायचा. बोटीत भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, ती सोडून बसा. आणि गर्दीच्या वेळी दोन थांबे आधीच दाराकडे सरका, नाहीतर तुमचा धक्का मागे पडेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्रासाद, वाट फो आणि वाट अरुण एका दिवसात होतात, पण क्रम चुकला की दिवस हातचा जातो. मी असा करेन: था चांग धक्क्यावर सव्वाआठला उतरायचं, साडेआठला प्रासादाचं दार उघडतं तेव्हा आत. तिकीट 500 बाट, तिकीट विक्री साडेतीनला बंद. साडेदहानंतर मोठमोठे गट येतात आणि फरशीवर ऊन असं तापतं की आडोसा शोधावा लागतो. सावली फार थोडी आहे. दारातून आत शिरल्यावर जवळच राणी सिरिकित यांच्या नावाचं वस्त्रसंग्रहालय आहे, ते याच तिकिटात येतं, आत वातानुकूलन आहे. आई-बाबांना वीस मिनिटं बसवायला उत्तम जागा.

कपड्यांवरून लोक अडतात. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचं काही नको, अर्धी चड्डी नको, अंगाला चिकटलेल्या लेगिंग्ज नकोत, फाटकी जीन्स नको. बिनबाह्यांच्या कपड्यावर नुसती ओढणी घेतली तर चालत नाही, बाहीच लागते. साडी किंवा सलवार-कमीजला काहीच अडचण नाही, आणि उन्हातही तेच सोयीचं.

आत आपल्या लोकांनी ज्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा आणि जे बहुतेक जण घाईत पार करून जातात, ती म्हणजे वाट फ्रा केओ या प्रासादातल्या मंदिराच्या भोवतालची ओवरी. तिच्या भिंतीवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रांत रंगवलं आहे. उत्तरेकडच्या दारापाशी सुरुवात, तिथून उजवी घालत जायचं. पहिल्याच चित्रात जनकाला जमिनीत सीता सापडते. पण पुढची कथा आपली नव्हे. तिथे सीता ही तोसकान्थची, म्हणजे दशकंठाची, रावणाचीच मुलगी आहे. हनुमान शुभ्र पांढरा आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी. दारांवर जे प्रचंड यक्ष उभे आहेत, त्यांतला हिरवा दहा तोंडांचा तोसकान्थच. बाबांना रामायण ठाऊक असेल तर ही ओवरी पाऊण तास सहज घेईल, आणि ती छपराखाली आहे, त्यामुळे उन्हाचा प्रश्न नाही.

याच मंदिरातला 'पाचूचा बुद्ध' प्रत्यक्षात हिरव्या दगडाचा आहे, पाचूचा नाही. उंची अवघी 66 सेंटीमीटर, तीही खूप उंचावर. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा राजा स्वतः त्याची वस्त्रं बदलतो: उन्हाळ्याची, पावसाळ्याची, हिवाळ्याची. तुम्ही जाल तेव्हा हिवाळ्याचं वस्त्र असेल, त्यात अंग जवळजवळ पूर्ण झाकलेलं असतं. आत फोटो काढता येत नाही.

प्रासादाच्या तिकिटावर खोन या मुखवट्यांच्या नृत्यनाट्याचा छोटा प्रयोगही बघता येतो, साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहात, सोमवार ते शुक्रवार. म्हणून प्रासाद गुरुवारी घ्या, शनिवारवर ढकलू नका. कथा अर्थात रामकियनचीच. ओवरी बघून झाल्यावर गेलात तर पात्रं रंगावरून ओळखू येतात.

अकरापर्यंत बाहेर या, भिंतीच्या कडेने दक्षिणेला पंधरा मिनिटं चाला, वाट फो येतं. तिकीट 300 बाट. निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. दालन इतकं चिंचोळं की एका नजरेत तो मावत नाही, खांबांच्या फटींतून तुकड्या-तुकड्याने दिसतो. पायांच्या टोकाला नक्की थांबा. तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांत 108 शुभचिन्हं जडवलेली आहेत. पाठीमागच्या बाजूला 108 कांशाची पात्रं ओळीने मांडली आहेत. 20 बाट देऊन वाटीभर बारीक नाणी मिळतात, ती एकेका पात्रात टाकत जायची. त्या नाण्यांचा टणटण आवाज दालनभर चालू असतो.

इथे दुपारी एक-दीड होईल. यापुढे वाट अरुण लगेच करू नका. जेवा, हॉटेलवर परत जा, झोप काढा. चारला था तिएन धक्क्यावर या, 5 बाटांत नाव पलीकडे नेते. वाट अरुण 200 बाट, सहाला बंद. पायऱ्या अगदी उभ्या आहेत, आईंनी चढू नये. खालूनच बघण्यासारखं जास्त आहे: मनोऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे फुलांच्या आकारात बसवलेत, ते हात लावण्याइतक्या उंचीवर दिसतात. पावणेसहाला परत अलीकडच्या काठावर या, कारण वाट अरुण पश्चिम काठावर आहे आणि सूर्य त्याच्या मागे जातो. नावात अरुण असला तरी बघायचं ते संध्याकाळीच.

पोळीभाजी

खाण्याचं मी लिहिते. बँकॉकमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, पण नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून मागितलं तर फसगत होते. मांसाचे तुकडे काढून टाकले की झालं, अशी पुष्कळ ठिकाणी समजूत असते. मासा दिसत नाही, पण असतो. तीन चोरटे पदार्थ ओळखून ठेवा. एक, नाम प्ला, म्हणजे माशाचं पातळ खारं पाणी. मिठाच्या जागी तेच घालतात. दोन, कापी, म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण. ते लाल आणि हिरव्या करीच्या तयार मसाल्यातच वाटलेलं असतं, त्यामुळे 'करी बिनमांसाची द्या' म्हणून उपयोग नाही. तीन, कालवांचा सॉस. हा परतलेल्या भाज्यांत हमखास असतो. पपईची कोशिंबीर सोम ताम दिसायला साधी, पण तिच्यात सुकी कोळंबी आणि नाम प्ला दोन्ही असतात.

यावर उपाय म्हणजे 'जे' हा शब्द. चिनी बौद्ध परंपरेतला कडक शाकाहार. मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात เจ असं लिहिलेलं असतं, इंग्रजी सतरासारखं दिसतं. ही खूण फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. ती दिसली की डोळे मिटून बसा. पाकीटबंद खाऊवरही हीच खूण बघायची.

चार वाक्यं पाठ करा. 'किन जे', म्हणजे जे खातो. 'माय साय नाम प्ला', नाम प्ला घालू नका. 'माय साय खाय', अंडं घालू नका. 'माय फेत', तिखट नको. पुरुषाने शेवटी 'ख्रप' म्हणायचं आणि बाईने 'खा', तेवढ्याने ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. थाई भाषेत क आणि ख, प आणि फ, त आणि थ यांत आपल्यासारखाच फरक आहे. 'खाय' म्हणजे अंडं आणि 'काय' म्हणजे कोंबडी. इंग्रजी बोलणारे पर्यटक दोन्ही एकसारखं उच्चारतात आणि भलतंच ताटात येतं. आपण नीट म्हणू शकतो. फक्त मराठीत आपसात 'काय, काय?' चाललं असेल तर विक्रेतीला कोंबडी ऐकू येईल, तेव्हा ऑर्डर देताना एकानेच बोलावं.

पाद थाई घ्यायची तर टोफूची, आणि वरची वाक्यं सांगूनच. एरवी अंडं आणि सुकी कोळंबी दोन्ही पडतात. आंबा आणि चिकट भात, खाओ निआओ मामुआंग, नारळाच्या दुधातला, अगदी निर्धोक. नोव्हेंबर आंब्याचा मोसम नसला तरी मिळतो, फक्त महाग पडतो. मॉलमधल्या फूड कोर्टात आधी काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, जेवून झालं की उरलेले पैसे त्याच दिवशी परत मिळतात. बऱ्याच फूड कोर्टांत एक तरी जे खिडकी असते.

आपल्यासारखं जेवण हवं झालं की फाहुरात गाठा, एमआरटीच्या साम योत स्टेशनपासून चालत. तिथे मोठा गुरुद्वारा आहे आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पोळी, डाळ, भाजी, चहा सगळं मिळतं.

नळाचं पाणी पिऊ नका. नळीसारखा मधे भोक असलेला बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. फोडलेल्या लादीचा टाळा.

आणखी एक. पाकिटांवर मुदत संपण्याची तारीख बुद्धसंवतात असू शकते, ती आपल्या इसवी सनाच्या 543 वर्षं पुढे. दुधाच्या पिशवीवर 2569 दिसलं तर ते 2026.

वाटसरू

इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन शंका. बाकीचे दिवस कसे भरावेत? आणि नियम-शिष्टाचारांवर अजून कोणी लिहिलं तर बरं. आई प्रत्येक देवळात पाया पडणार, हे धरूनच चला.

उंबरठा

पाया पडणं अगदी योग्य, फक्त पद्धत बघा. बुद्धमूर्तीसमोर बसताना तळवे मूर्तीकडे होता कामा नयेत. पाय मागे दुमडून बसायचं. आईंना गुडघ्यांमुळे ते जमणार नाही, तर मागे भिंतीशी उभं राहून हात जोडले तरी चालतं. पाय लांब करून बसणं मात्र टाळावं. उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. चपला बाहेर. मूर्तीच्या अंगाखांद्यावर टेकून फोटो काढणं हा मोठा अपमान समजला जातो. दुकानांतून बुद्धमूर्ती विकत मिळतात, पण देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाची परवानगी लागते. आठवण म्हणून काही घ्यायचं तर हत्ती घ्या, रेशीम घ्या.

बायकांनी भिक्खूला स्पर्श करायचा नाही, हातात थेट काही द्यायचं नाही. दान द्यायचं तर त्याने पसरलेल्या कापडावर ठेवायचं, किंवा बाबांच्या हातून. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून अन्नदान सकाळीच. कोणाच्याही डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्याही. आपल्याकडे कौतुकाने डोक्यावरून हात फिरवतात, तिथे नाही.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांवर, बागांत राष्ट्रगीत लागतं. सगळे जागच्या जागी थांबतात, तुम्हीही थांबा. राजघराण्याबद्दल चारचौघांत, समाजमाध्यमांवर, कुठेही टीका नको. दंडसंहितेच्या कलम 112 खाली 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे आणि परदेशी माणसालाही ती लागू होते. नोटेवर राजाचं चित्र असतं, उडणारी नोट पायाने दाबून धरू नका. ई-सिगारेट देशात आणणंच बेकायदा आहे.

सणांचं कोडं आपल्याला पंचांगातून सुटतं. माघ पौर्णिमेला माखा बुचा, वैशाखीला विसाखा बुचा, आषाढीला आसान्हा बुचा. अधिक महिन्याचा हिशेब वेगळा असल्याने काही वर्षी महिन्याचा फरक पडतो. तुमच्या तारखांत त्रिपुरी पौर्णिमा येते का बघा. त्याच रात्री लोय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानांचा द्रोण, फुलं, मेणबत्ती, उदबत्ती ठेवून पाण्यात सोडतात. त्या संध्याकाळी नदीकाठ गच्च भरतो, धक्क्यांवर चेंगराचेंगरी होते. आई-बाबांना घेऊन मुख्य धक्क्यावर जाऊ नका, एखाद्या बागेतल्या तळ्यावर जा.

आईंसाठी अजून एक: चित लोम स्टेशनजवळचं एरावान. 1956 सालचं चारमुखी ब्रह्मदेवाचं देऊळ, ऐन चौकात. नवस फेडायला लोक पारंपरिक नर्तकींचा नाच करवतात. जुन्या शहरात उंच लाल झोपाळ्याच्या शेजारी देवसाथान हे ब्राह्मण पुरोहितांचं मंदिर आहे, राजघराण्याचे विधी तिथलेच पुरोहित करतात. बौद्ध देशात हे सगळं एकमेकांत कसं मिसळून राहिलंय, ते या दोन ठिकाणी डोळ्यांना दिसतं.

रुळावरून

बाकीचे दिवस. बुधवारी उतरलेला दिवस हलका ठेवा, खोली दोनच्या आधी मिळणार नाही. बॅगा ठेवून एरावान करा. शुक्रवारी हुआ लाम्फोंग स्टेशनवरून वाट त्राइमित. साडेपाच टन सोन्याचा बुद्ध आहे. शतकानुशतकं त्यावर गिलावा होता, 1955 मध्ये हलवताना तो तडकला आणि आतलं सोनं दिसलं. संध्याकाळी तिथूनच याओवारात, चिनी वस्ती.

चतुचक बाजार शनिवार-रविवारीच पूर्ण भरतो. मो चितला उतरू नका, एमआरटीच्या काम्फाएंग फेतला उतरा, वर आलात की थेट बाजारातच. नऊ-साडेनऊला जा, बाराच्या आत बाहेर पडा. पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. आवडलेली वस्तू तिथेच घ्या. 'परत येऊन घेऊ' म्हणालात की तो गाळा पुन्हा सापडत नाही.

फसवणुकीचं थोडक्यात. प्रासादाबाहेर नीटनेटके कपडे घातलेला माणूस सांगतो, 'आज बंद आहे, पूजा चालू आहे, 20 बाटांत टुकटुक (तिथली रिक्षा) तुम्हाला दुसरी मंदिरं दाखवेल.' प्रासाद उघडाच असतो. टुकटुक तुम्हाला हिऱ्या-माणकांच्या आणि शिंप्याच्या दुकानात नेते, चालकाला तिथे दलाली मिळते. काही न बोलता दारापर्यंत चालत जा आणि गणवेशातल्या पहारेकऱ्याला विचारा. टॅक्सीवाला मीटरला नाही म्हणाला तर दार लावून पुढची बघा. पाऊस पडताना आणि चार ते सात मीटरवर कोणी यायला तयार नसतं, तेव्हा अ‍ॅपवरून गाडी बोलवा.

एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाट किंवा त्याहून जास्त आकारतं, म्हणून थोडे थोडे काढू नका. मशीनने 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' विचारलं तर नाही म्हणा. रोख बदलायची तर सुवर्णभूमीच्या तळघरात, रेल लिंकच्या मजल्यावर, वरच्या काउंटरांपेक्षा चांगला दर मिळतो.

वाटसरू

रविवारी आयुथयाला जावं का? रात्रीचं विमान आहे.

नदीकाठ

आई-बाबांना घेऊन त्या दिवशी नको. साधारण 80 किलोमीटर, रेल्वेने जायला दीड ते दोन तास, आणि साध्या गाड्या उशिरा धावतात. जुन्या राजधानीचे अवशेष विखुरलेले, जमीन उंचसखल, सावली नाही. जायचंच असेल तर शुक्रवारी, सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादीने, तिथे स्टेशनबाहेर टुकटुक तासावर ठरवून. वाट महाथातला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढताना खाली बसावं लागतं, आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर नको म्हणून. तिथे पहारेकरी लक्ष ठेवून असतो.

रविवारी सकाळी बेंचामाबोफित करा, इटलीच्या संगमरवराचं मंदिर, जमिनीलगत, पायऱ्या थोड्या. मग हॉटेल सोडून सामान तिथेच ठेवा. विमानतळाकडे निघताना टॅक्सीला संध्याकाळी दीड तास धरा.

आणि निघण्याआधी डिजिटल आगमन पत्र भरायला विसरू नका. 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, चौघांचं वेगवेगळं. इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर ते फुकट आहे. शोधयंत्रात वर येणाऱ्या काही साइट त्याचे पैसे घेतात, पत्त्याच्या शेवटी go.th नव्हे तर दुसरंच काही दिसेल. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेही त्याच आठवड्यात दूतावासाच्या साइटवर बघून घ्या. आईंच्या पत्राची छापील प्रत त्यांच्या पासपोर्टातच ठेवा, रांगेत फोन शोधावा लागत नाही.